बिघाडाच्या तासाची हवा: धुराच्या नियमांतील एका सवलतीचा इतिहास

दम्याचा किंवा जुनाट खोकल्याचा रुग्ण समोर बसला की आम्ही डॉक्टर एक प्रश्न हमखास विचारतो: "त्रास नेमका कधी होतो?" पहाटे होतो की संध्याकाळी, घरात होतो की कामावर, रोज होतो की अधूनमधून? औषधाची चिठ्ठी लिहिण्याआधी हा "कधी" कळला, तर अर्धे निदान झालेले असते.

औद्योगिक वसाहतीच्या, रिफायनरीच्या किंवा वीजकेंद्राच्या आसपास राहणारे अनेक जण याचे उत्तर देताना म्हणतात, "एरवी बरा असतो डॉक्टर. पण मधूनच एखाद्या रात्री असा काही वास येतो, असा धूर येतो, की छातीच आवळते." अशा वेळी घरातले म्हणतात, "मनाचे खेळ आहेत." कारखान्याचा महिन्याचा अहवाल पाहिला तर तो नियमात बसलेला असतो.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. अहवाल खरा आणि तुमची आवळलेली छातीही खरी. हे कसे, ते समजून घ्यायचे तर हवेच्या कायद्यातल्या एका छोट्या सवलतीचा इतिहास पाहावा लागतो. यंत्र बिघडले असेल, दुरुस्तीसाठी बंद करायचे असेल किंवा दुरुस्तीनंतर पुन्हा सुरू करायचे असेल, तर त्या वेळेपुरती धुराची मर्यादा लागू करायची की नाही? हा प्रश्न गेली पंचाहत्तर वर्षे भांडला जात आहे. त्यावरचे स्थानिक नियम सर्वांत तपशिलात कॅलिफोर्नियात लिहिले गेले, म्हणून आजची गोष्ट तिथून सुरू करू. तुमच्यापैकी काहींची मुले-नातवंडे तिकडेच राहतात, त्यांनाही ती उपयोगी पडेल. शेवटी आपल्या देशाकडे येऊ.

आधी एक साधी गोष्ट: धूर कधी जास्त होतो?

चूल आठवा. पेटवताना घरभर धूर होतो. एकदा धग धरली की ज्वाळा स्वच्छ होते. विझवताना पुन्हा धूर. मोठ्या बॉयलरचे आणि भट्टीचेही असेच असते. थंड भट्टीत इंधन अर्धवट जळते, त्यामुळे काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड जास्त निघतात.

याशिवाय धूर गाळणारी यंत्रे स्वतःही लगेच कामाला लागत नाहीत. विजेच्या भाराने धूळ ओढून घेणारे यंत्र असते, त्याला "ईएसपी" म्हणतात. भट्टी पेटवताना न जळलेले वायू त्यात शिरले आणि ठिणगी पडली तर स्फोट होऊ शकतो, म्हणून बरेचदा ते उशिरा चालू करतात. कापडी पिशव्यांच्या फिल्टरमध्ये थंड, दमट धूर सोडला तर पिशव्या चिकट होऊन बसतात, म्हणून कधी कधी धूर त्यांना वळसा घालून थेट चिमणीतून सोडतात. गाडीच्या सायलेन्सरजवळचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही इंजिन गरम होईपर्यंत नीट काम करत नाही, तसेच हे.

रिफायनरीत आणखी एक भानगड असते. दुरुस्तीसाठी एखादे युनिट बंद करायचे म्हणजे त्यातली भांडी आणि पाइप रिकामे करावे लागतात. त्यातला वायू जातो उंच मशालीसारख्या "फ्लेअर"कडे, आणि तिथे तो जाळला जातो. अचानक वीज गेली किंवा पंप बंद पडला, तरी वायू तिकडेच वळवतात. रात्री आकाश तांबडे करणारी ती मोठी ज्योत म्हणजे एका अर्थाने सुरक्षेची झडप आहे. ती नसेल तर भांडे फुटेल. पण तिच्यातून गंधकाचे वायू आणि काजळी बाहेर पडतात, हेही खरे.

म्हणजे सुरू करणे, बंद करणे आणि बिघडणे या तीन वेळा कारखान्याच्या सर्वांत घाण वेळा आहेत. आणि नियम शिथिल करण्याची मागणीही नेमकी याच वेळांसाठी होते.

लॉस एंजेलिस: तासातली तीन मिनिटे

२६ जुलै १९४३. दुसरे महायुद्ध चालू होते. लॉस एंजेलिस शहरावर अचानक दाट, डोळे झोंबवणारे धुके उतरले. जपानने विषारी वायूचा हल्ला केला, अशी शंका काही लोकांना आली. मग संशय गेला शहरातल्या कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन बनवणाऱ्या एका कारखान्यावर. तो काही काळ बंद ठेवला, तरी धुके येतच राहिले. दोषी एक नव्हता, अनेक होते: रिफायनऱ्या, कारखाने, घरोघरच्या कचरा जाळायच्या भट्ट्या आणि लाखो मोटारी. सूर्यप्रकाशात या सगळ्या वायूंपासून ओझोन तयार होतो, हे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या सुमारास दाखवून दिले.

त्याआधीच, जून १९४७ मध्ये, कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर अर्ल वॉरन यांनी हवा प्रदूषण नियंत्रणाच्या कायद्यावर सही केली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात लॉस एंजेलिस काउंटीचे स्वतःचे हवा प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. लुई मॅककेब हे त्याचे पहिले संचालक. हे नाव लक्षात ठेवा, थोड्या वेळाने ते पुन्हा येणार आहे.

त्या काळी धूर मोजायचे साधन अगदी घरगुती होते. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकात एक तक्ता बनवला होता. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांच्या जाळ्या, क्रमाक्रमाने गडद होत जाणाऱ्या. निरीक्षकाने चिमणीकडे पाहायचे, तक्त्याशी ताडायचे आणि धुराला क्रमांक द्यायचा. क्रमांक २ म्हणजे साधारण ४० टक्के काळा. नियम असा होता की कोणत्याही एका तासात, सगळे मिळून तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ क्रमांक २ इतका काळा धूर सोडायचा नाही.

ही तीन मिनिटे महत्त्वाची आहेत. भट्टी पेटवताना किंवा नळ्यांतली काजळी झाडताना थोडा काळा धूर होतोच, ही व्यवहाराची बाब त्यांत सामावून गेली. पण सवलत मोजलेली होती. "यंत्र बिघडले आहे, आता हवा तेवढा धूर सोडतो" असे म्हणायची सोय तीन मिनिटांत नव्हती. पुढे मात्र नियम वाढत गेले, प्रत्येक वायूला वेगळी मर्यादा आली, यंत्रे गुंतागुंतीची झाली, आणि बिघाडासाठी वेगळे कलम हवे अशी मागणी उद्योगांकडून जोर धरू लागली.

वीस मिनिटांत काय होऊ शकते

कमी वेळेचे प्रदूषण किती घातक असू शकते, याचे दोन धडे त्याच काळात मिळाले.

पहिला पेनसिल्व्हेनियातल्या डोनोरा या सुमारे चौदा हजार वस्तीच्या गावातला. ऑक्टोबर १९४८ च्या अखेरीस तिथे हवा कोंडली. वर गरम हवेचा थर, खाली थंड हवा, त्यामुळे जस्ताच्या आणि पोलादाच्या कारखान्यांचा धूर वर जाईना. कारखाने चालूच राहिले. जस्ताचा कारखाना थांबवला तो रविवारी सकाळी, आणि मग पाऊस आला. तोवर २० माणसे दगावली होती आणि जवळजवळ सहा हजार लोक आजारी पडले होते. इथे यंत्र बिघडले नव्हते. बिघडली होती हवा. पण प्रश्न तोच होता: नेहमीची मर्यादा पुरत नसेल, तर भट्टी थांबवायची कुणी आणि केव्हा?

दुसरा धडा मेक्सिकोतल्या पोझा रिका गावातला, आणि तो थेट बिघाडाचा आहे. २४ नोव्हेंबर १९५० च्या पहाटे, नैसर्गिक वायूतले गंधक वेगळे करणाऱ्या तिथल्या नव्या कारखान्यात गडबड झाली. जळायला हवा होता तो हायड्रोजन सल्फाइड न जळताच बाहेर पडला. हवा स्तब्ध होती. हे सगळे वीस-पंचवीस मिनिटे चालले. तेवढ्यात २२ जण मृत्युमुखी पडले आणि ३२० जणांना रुग्णालयात न्यावे लागले.

हायड्रोजन सल्फाइडला सडलेल्या अंड्यांसारखा वास येतो, हे तुम्हाला माहीत असेल. पण त्याचे प्रमाण वाढले की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. माणसाला वाटते, वास गेला, धोका टळला. प्रत्यक्षात तेव्हा धोका वाढलेला असतो. शरीरातल्या पेशींना ऑक्सिजन वापरता येईनासा होतो, आणि जास्त मात्रेत मेंदूतले श्वासाचे केंद्रच थांबते.

पोझा रिकाच्या या दुर्घटनेचा शास्त्रीय अहवाल १९५२ मध्ये जॉर्ज क्लेटन यांच्यासह कुणी लिहिला? लॉस एंजेलिसच्या मंडळाचे पहिले संचालक लुई मॅककेब यांनीच. तासातली तीन मिनिटे मोजणाऱ्या माणसाने वीस मिनिटांचा हिशोबही मांडला.

बिघाडाचे कलम: सवलत, पण अटींवर

उद्योगांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. इंजिनिअर म्हणतात, मोठे युनिट पंखा बंद करावा तसे बंद करता येत नाही. घाईघाईने थांबवले तर जास्त वायू फ्लेअरला जातो आणि स्फोटाची भीती वाढते. फिल्टरचा एखादा भाग अचानक निकामी झाला आणि तो तासाभरात बदलता येत असेल, तर अख्खा कारखाना बंद करून पुन्हा पेटवण्यात जास्त प्रदूषण होईल. हे काही वेळा अगदी खरे असते.

म्हणून स्थानिक मंडळांनी मधला मार्ग काढला. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या आजच्या मंडळाचा "नियम ४३०" हा त्याचा चांगला नमुना आहे. त्याचा गाभा साध्या शब्दांत असा:

- बिघाड कळल्यापासून एका तासाच्या आत मंडळाला कळवायचे.
- बिघाड निष्काळजीपणामुळे, चुकीच्या हाताळणीमुळे किंवा देखभाल न केल्यामुळे झालेला नसावा.
- सवलत फार तर २४ तासांची किंवा चालू उत्पादनाची फेरी संपेपर्यंतची, यांपैकी जे आधी येईल ते. त्यानंतर यंत्र दुरुस्त तरी झाले पाहिजे, नाहीतर बंद तरी.
- दुरुस्तीनंतर सात दिवसांत लेखी खुलासा: काय बिघडले, किती प्रदूषण झाले, पुन्हा होऊ नये म्हणून काय केले.

आम्हा डॉक्टरांच्या दृष्टीने यातली पहिली अट सर्वांत मोलाची. तासाभरात कळवले, तर निरीक्षक येऊ शकतो, शेजारच्या शाळेला मुलांना आत घ्यायला सांगता येते, रुग्णालयाला कोणता वायू आहे हे कळू शकते. आठवड्याने आलेल्या कागदाने दम्याच्या मुलाला काही उपयोग नाही.

एखाद्या कारखान्याला याहून जास्त मुदत हवी असेल, तर त्याला सुनावणी मंडळापुढे जावे लागते. कॅलिफोर्नियातल्या या मंडळावर पाच सदस्य असतात: एक वकील, एक इंजिनिअर, दोन सामान्य नागरिक आणि एक वैद्यकीय क्षेत्रातला. "अजून दहा दिवस फिल्टरशिवाय चालवू द्या" असा अर्ज आला, तर टेबलाच्या पलीकडे बसलेल्यांपैकी एकाने तरी माणसाचे फुफ्फुस अभ्यासलेले असते. ही रचना मला फार शहाणपणाची वाटते.

"सतत" या शब्दावरची लढाई

सगळीकडे मात्र इतक्या अटी नव्हत्या. अमेरिकेचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कायदा १९७० मध्ये आला आणि राज्यांनी आपापले आराखडे दिले. घाईघाईत मंजूर झालेल्या अनेक आराखड्यांत सरळ लिहिलेले होते की सुरू करताना, बंद करताना आणि बिघाडात झालेले जादा प्रदूषण हे उल्लंघन धरायचे नाही. कळवा, आणि सुटा.

१९७७ मध्ये कायद्यात एक शब्द स्पष्टपणे आला: प्रदूषणाची मर्यादा "सतत" पाळली गेली पाहिजे. १९८२ आणि १९८३ मध्ये केंद्रीय पर्यावरण संस्थेने राज्यांना सांगितले की आपोआप मिळणारी सूट कायद्यात बसत नाही. कारण साधे होते. सूट आपोआप मिळत असेल, तर देखभालीवर खर्च कोण करेल? तरीही जुन्या तरतुदी कागदावर राहिल्याच, आणि १९९४ मध्ये विषारी वायूंच्या राष्ट्रीय नियमांतही अशीच सूट घातली गेली.

डिसेंबर २००८ मध्ये सिएरा क्लब या संस्थेच्या दाव्यात वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ही विषारी वायूंची सूट रद्द केली. न्यायालयाने बोट ठेवले ते त्याच शब्दावर: सतत म्हणजे सतत. त्यानंतर २०१५ मध्ये केंद्रीय संस्थेने ३६ राज्यांना आपल्या बिघाड-सवलती सुधारायला सांगितले. त्यात कॅलिफोर्नियातल्या सॅन वाकीन खोऱ्यासारख्या स्थानिक मंडळांचे जुने नियमही होते. राज्ये आणि उद्योग न्यायालयात गेले. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने त्या आदेशाचा काही भाग रद्द केला, काही कायम ठेवला. लढाई अजून संपलेली नाही.

फुफ्फुस सरासरी काढत नाही

एवढ्या कायद्याच्या गोष्टी दवाखान्याच्या ब्लॉगवर कशाला, असे तुम्हाला वाटले असेल. आता छातीकडे येऊ.

सल्फर डायऑक्साइडचे उदाहरण घ्या. दम्याचा रुग्ण चालत किंवा धावत असेल तर तो तोंडाने श्वास घेतो, आणि नाकाची चाळणी टळते. अशा वेळी या वायूचा जोरदार झोत आला, तर पाच ते दहा मिनिटांत श्वासनलिका आकसू शकतात. शिट्टीसारखा आवाज, छातीत आवळल्यासारखे, खोकला. निरोगी माणसाला त्याच हवेत कदाचित फक्त घसा खवखवल्यासारखे होईल.

आता एक हिशोब करा. समजा, दिवसाचे २३ तास हवेत या वायूचे प्रमाण घनमीटरला २० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे चांगले. एका तासात बिघाड झाला आणि ते १००० वर गेले. चोवीस तासांची सरासरी येते साधारण ६१. भारताच्या २००९ च्या मानकानुसार चोवीस तासांची मर्यादा ८० आहे. दिवस पास झाला! पण त्या एका तासात बाहेर खेळणारे दम्याचे मूल नापास झाले.

म्हणूनच २०१० मध्ये अमेरिकेने या वायूसाठी एका तासाची मर्यादा आणली, ती साधारण २०० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची तर दहा मिनिटांची मर्यादा आहे, ५०० मायक्रोग्रॅम. वैद्यकशास्त्राला जे कळले ते या आकड्यांत आहे. शरीराला वर्षाची सरासरीही लागते आणि दहा मिनिटांचा झोतही लागतो. दोन्ही वेगवेगळे मोजावे लागतात.

देखभाल टाळली की काय होते

६ ऑगस्ट २०१२ रोजी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या रिचमंड इथल्या शेव्हरॉन रिफायनरीत एका पाइपातून गळती दिसली. गंधकामुळे तो पाइप आतून पातळ झाला होता. २०११ च्या मोठ्या दुरुस्ती-बंदमध्ये तो बदललेला नव्हता. गळती दिसल्यावरही युनिट चालूच ठेवून शोध घेणे चालले. सुमारे अडीच तासांनी पाइप फुटला. वाफेच्या ढगात सापडलेले १९ कामगार सुदैवाने वाचले. पण काळा धूर वस्तीवर पसरला, लोकांना दारे-खिडक्या लावून घरात बसायला सांगावे लागले, आणि पुढच्या काही आठवड्यांत सुमारे १५ हजार लोकांनी श्वासाचा त्रास, छातीत दुखणे, डोळे चुरचुरणे, डोकेदुखी अशा तक्रारींसाठी वैद्यकीय मदत घेतली.

१८ फेब्रुवारी २०१५ रोजी लॉस एंजेलिसजवळ टॉरन्स इथे तर युनिट दुरुस्तीसाठी थांबवलेलेच होते. पेट घेणारी वाफ उलट्या वाटेने ईएसपीपर्यंत पोहोचली. ईएसपीची वीज चालूच होती. स्फोट झाला. चार कामगारांना किरकोळ दुखापत झाली आणि आसपासच्या घरांवर, गाड्यांवर पांढरी धूळ बसली. सुमारे ३६ टनांचा एक तुकडा अत्यंत घातक हायड्रोफ्लुओरिक आम्लाच्या टाकीजवळ जाऊन पडला. टाकी वाचली म्हणून आज या घटनेचे नाव फार कुणाला माहीत नाही.

फ्लेअरच्या बाबतीत मात्र एक चांगला बदल झाला. सॅन फ्रान्सिस्को भागातल्या मंडळाने २००३ मध्ये रिफायनऱ्यांना फ्लेअर मोजायला लावले आणि २००५ मध्ये तो कमी करण्याचा आराखडा सक्तीचा केला. ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त वायू जाळला, तर मूळ कारण शोधून कळवायचे. "बिघाड झाला" एवढे उत्तर पुरत नाही. "का झाला, आणि मागच्या वेळीही हेच कारण होते का?" हेही सांगावे लागते. आम्ही रुग्णाला पुन्हा पुन्हा ताप आला की हेच विचारतो.

आपल्याकडे

या इतिहासातली सर्वांत काळी रात्र आपल्याच देशातली आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हवेत गेले. हजारो माणसे मेली. त्या वेळी या वायूचे उत्पादन चालू नव्हते, ते ऑक्टोबरअखेर थांबले होते. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद केलेली होती. वायू जाळणाऱ्या फ्लेअरचा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला होता. वायू धुऊन काढणारा स्क्रबर तयार अवस्थेत चालू ठेवलेला नव्हता. "सध्या बंद आहे", "दुरुस्तीला काढले आहे" ही वाक्ये किती महाग पडू शकतात, याचे याहून मोठे उदाहरण नाही. आणि रुग्णालयात आलेल्या हजारो रुग्णांना तपासणाऱ्या डॉक्टरांना नेमका वायू कोणता, उपाय काय, हे कुणी धड सांगत नव्हते.

आपल्या १९८१ च्या हवा कायद्यात कलम २३ आहे. अपघाताने किंवा अनपेक्षित घटनेने मर्यादेपेक्षा जास्त प्रदूषण झाले, किंवा होण्याची भीती असेल, तर कारखान्याच्या प्रमुखाने ताबडतोब राज्य मंडळाला कळवले पाहिजे, असे ते सांगते. भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने मंडळाला कारखाना बंद करण्याचा, वीज-पाणी तोडण्याचा आदेश देण्याचा अधिकार मिळाला. आपल्या महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रांत एक नेहमीची अट असते: प्रदूषण रोखणारी यंत्रे चालवायला पर्यायी विजेची सोय ठेवा, आणि ती नसेल तर उत्पादन थांबवा किंवा कमी करा. वीज जाणे हे आपल्याकडचे नेहमीचे निमित्त, म्हणून ही अट फार कामाची आहे. २०१४ पासून जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना चिमणीवर सतत मोजणारी यंत्रे बसवायला केंद्रीय मंडळाने सांगितले आहे.

म्हणजे कळवण्याचे कर्तव्य आपल्याकडेही आहे. पण कायद्यातल्या "ताबडतोब"ला घड्याळाचा आकडा नाही. आणि कळवायचे ते मंडळाला. शेजारच्या वस्तीला, शाळेला, दवाखान्याला ते कधी कळेल, याचा उल्लेख तिथे नाही. ही उणीव भरून काढायला नागरिक म्हणून तुमची नोंद उपयोगी पडते.

तुम्ही काय करू शकता

१. वही ठेवा. तारीख, वेळ, किती मिनिटे, कसला वास, धुराचा रंग, वारा कुठून, आणि घरात कुणाला काय त्रास झाला. शक्य असेल तर फोनवर वेळेसह व्हिडिओ. "रोजच वास येतो" या तक्रारीपेक्षा "मंगळवारी रात्री ११:१० ते ११:४०" ही तक्रार कुणालाही टाळता येत नाही. तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या विभागीय कार्यालयात लेखी द्या आणि नेमके विचारा: त्या वेळी बिघाड किंवा शटडाऊन होता का, आणि कारखान्याने तो कळवला होता का?

२. तीच वही डॉक्टरांना दाखवा. त्रासाच्या वेळा जुळल्या, तर औषध वाढवायचे की झटक्याच्या वेळेपुरते वापरायचे, हे ठरवणे सोपे जाते.

३. झटक्याचा इनहेलर जवळ ठेवा. डॉक्टरांनी दिलेला, मुदत न संपलेला. रोजचा प्रतिबंधक इनहेलर बरे वाटते म्हणून स्वतःहून बंद करू नका.

४. धूर किंवा वास आला तर आत जा, दारे-खिडक्या लावा, बाहेरची हवा आत घेणारा एसी किंवा एक्झॉस्ट बंद करा, व्यायाम थांबवा. एन-९५ मास्क धुळीचे कण अडवतो, वायू अडवत नाही. उघड्यावर असाल तर वाऱ्याच्या दिशेने पळू नका, वाऱ्याला आडवे होऊन बाजूला निघा. डोळे झोंबत असतील तर साध्या वाहत्या पाण्याने भरपूर धुवा.

५. वास येईनासा झाला म्हणून निश्चिंत होऊ नका. पोझा रिका आठवा.

६. ताबडतोब रुग्णालय गाठा किंवा १०८ ला फोन करा: एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, इनहेलर घेऊनही आराम नसेल, गुंगी येत असेल, छातीत दुखत असेल. क्लोरीन, नायट्रोजन डायऑक्साइड यांसारख्या वायूंनंतर सुरुवातीला बरे वाटून काही तासांनी फुफ्फुसात पाणी होऊ शकते. म्हणून असा वायू छातीत गेला असेल तर बरे वाटले तरी तपासून घ्या, आणि पुढचा दिवसभर एकटे राहू नका.

यंत्रे बिघडणारच. दुरुस्तीसाठी ती बंद करावीच लागतील, आणि तशी बंद केली नाहीत तर काय होते ते रिचमंडने दाखवले. पण बिघाडाचा तास नियमाच्या बाहेर ठेवला, तर नेमकी सर्वांत वाईट हवा कुणाच्याच हिशोबात येत नाही. तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरांनी "त्रास कधी होतो?" असे विचारले, की वही उघडा आणि वेळ सांगा. कारखान्यालाही हाच प्रश्न विचारायला ती वेळ उपयोगी पडेल.

(हा लेख माहितीसाठी आहे. तुमच्या औषधांत बदल तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा.)